बॅरल पडलं की माझी उधारी का थकते? (तेलावरचे देश आणि 'बिगरतेल' उत्पन्न)

मस्कतवाला

नमस्कार मंडळी,

मस्कतमध्ये १९ वर्षं झाली. बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत हिशेब बघतो. टाइल्स, नळ, पाइप, कमोड. म्हणजे तेलाशी माझा संबंध गाडीत पेट्रोल टाकण्यापुरता.

इथल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते: 'अर्थव्यवस्थेत बिगरतेल क्षेत्राचा वाटा वाढला'. ती वाचली की मी माझा एजिंग रिपोर्ट उघडतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कुठल्या गिऱ्हाइकाकडे किती दिवसांची उधारी अडकली आहे त्याचा हा तक्ता. ३० दिवस, ६०, ९०, आणि शेवटचा रकाना १२० च्या पुढचा.

जून २०१४ मध्ये कच्च्या तेलाचं बॅरल ११५ डॉलरच्या घरात होतं. जानेवारी २०१६ मध्ये ते ३० च्या खाली आलं. या दीड वर्षात एकही गिऱ्हाईक 'पैसे देणार नाही' असं म्हणालं नाही. इथे पीडीसी, म्हणजे पुढची तारीख घातलेले चेक घ्यायची पद्धत आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये ते महिन्यावार गठ्ठे करून, रबरबँड लावून ठेवलेले असतात. २०१५ च्या दिवाळीनंतर फोन सुरू झाले. "भाई, इस महिने का चेक मत डालना, अगले महिने." मी नोव्हेंबरच्या गठ्ठ्यातला चेक डिसेंबरच्या गठ्ठ्यात सरकवायचो, डिसेंबरचा जानेवारीत. होता होता मार्चचा गठ्ठा एवढा जाड झाला की रबरबँड तुटला.

कारण सरळ आहे. तेलाचे पैसे सरकारकडे येतात. सरकार रस्ते, शाळा, वसाहती बांधायला काढतं. मोठा कंत्राटदार, त्याच्याखाली छोटा, त्याच्याखाली आम्ही. वरून नळ बारीक केला की चार-पाच महिन्यांनी आमची बादली कोरडी. आणि सरकारी आकडेवारीत आमची कंपनी शंभर टक्के बिगरतेल!

ओमानने १९९५ सालीच 'व्हिजन २०२०' काढली होती. अर्थव्यवस्थेतला कच्च्या तेलाचा वाटा २०२० पर्यंत ९ टक्क्यांवर आणायचा, असं त्यात होतं. २०२० आलं, ९ टक्के काही आले नाहीत, आता 'व्हिजन २०४०' आहे.

माझा प्रश्न असा: तेलावर उभा असलेला कुठला देश खरोखर बाहेर पडला आहे? माझी कसोटी साधी आहे. बॅरल तीन वर्षं ३० डॉलरला राहिलं तरी एक तारखेला पगार होतात का? पुस्तकातलं नको, जे तिथे राहतात त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा.

---

झणझणीत

आमच्याकडे तेल नाही, त्यामुळे आम्ही जन्मतःच विविधीकृत. :)

---

अर्थहीन

काका, रबरबँड आवडला.

पुस्तकातलं नको म्हणालात, तरी थोडं सहन करा. हॉलंडला १९५९ मध्ये ख्रोनिंगेनला प्रचंड गॅस सापडला. गॅस विकून पैसा आला, चलन महाग झालं, आणि बाकीच्या डच कारखान्यांचा माल बाहेर कोणी घेईना. १९७७ मध्ये 'इकॉनॉमिस्ट'ने त्याला 'डच डिसीज' नाव दिलं. घरात एक कमावता मुलगा जास्त आणायला लागला की बाकीचे हात हलवायचे थांबतात, तसंच काहीसं.

आखातात मात्र तुमच्या उधारीचं कारण थोडं वेगळं आहे. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला आहे, तुमचा ओमानी रियालही त्याच वर्षापासून एकाच दरावर आहे. तेल पडलं की रशियाचा रुबल घसरतो आणि धक्का थोडाथोडा सगळ्यांना बसतो. बांधलेलं चलन घसरत नाही. मग धक्का कुठेतरी बसायलाच हवा. तो सरकारी बिलांच्या टेबलावर बसतो, तिथून तुमच्या ड्रॉवरमध्ये.

---

मस्कतवाला

@अर्थहीन, हे १९ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं लोकच लबाड आहेत.

---

दुबईकरीण

तुमच्या प्रश्नाचं उत्तर अडीच-तीन अक्षरी आहे: दुबई.

इथे तेल सापडलं १९६६ मध्ये आणि तेही शेजारच्या अबू धाबीच्या मानाने किरकोळ. ते संपणार हे दुबईचे तेव्हाचे शासक शेख राशिद यांना पहिल्यापासून माहीत होतं. खाडीतला गाळ काढून मोठ्या बोटी आत आणायचं काम तर त्यांनी तेल सापडायच्या आधीच, उसने पैसे आणून केलं होतं. १९७९ ला जबल अली बंदर, १९८५ ला तिथला फ्री झोन, त्याच वर्षी एमिरेट्स. पहिली विमानं गेली कराची, मुंबई आणि दिल्लीला, आणि सुरुवातीची विमानं पाकिस्तानच्या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेली! आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा दोन टक्क्यांच्या आत आहे. मी लॉजिस्टिक्समध्ये आहे. आमच्या गोदामात रोज जो माल येतो-जातो त्यातला निम्मा या देशात उघडलासुद्धा जात नाही. आला, शिक्का बसला, आफ्रिकेला गेला. याला विविधीकरण नाही तर काय म्हणायचं?

---

प्रश्नचिन्ह

@दुबईकरीण ताई, दुबईत तेल नाही हे खरं, पण दुबईच्या गिऱ्हाइकांकडे आहे. फ्लॅट कोण घेतं, मॉलमध्ये कोण येतं? नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या तिथल्या सरकारी कंपनीने कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची विनंती केली आणि जगभरचे बाजार हादरले. डिसेंबरमध्ये अबू धाबीने १० अब्ज डॉलर दिले. जानेवारीत जगातल्या सर्वांत उंच इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा 'बुर्ज दुबई'चं नाव 'बुर्ज खलिफा' झालं होतं. खलिफा म्हणजे अबू धाबीचे तेव्हाचे शेख. ते १० अब्ज कशातून आले होते ते सांगायला नको.

---

दुबईकरीण

@प्रश्नचिन्ह, भावाने अडचणीत मदत केली म्हणून धाकट्याचा धंदा खोटा ठरतो का? २००९ ला बुडालं ते बांधकाम. बंदर आणि विमानं चालूच होती. त्या वर्षी माझ्या बिल्डिंगमधली माणसं एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये गाड्या टाकून पळाली, मी बघितलंय. पण आमच्या गोदामातला एकही माणूस कमी झाला नाही.

---

झणझणीत

गाड्या कुठल्या होत्या? किल्ल्या आत होत्या का? (मित्रासाठी विचारतोय)

---

सायली_क

वाचतेय. मस्कतवाले काका, एक विचारू? ज्यांची उधारी थकली त्यांचं सांगितलंत. त्या वाईट वर्षातही ज्यांचे चेक वेळेवर वटले, असं कोणी होतं का? असेल तर ते कोण होते? मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या यादीत सापडेल.

---

मस्कतवाला

सायली, हा प्रश्न मला सुचायला हवा होता. जुने रिपोर्ट काढावे लागतील. शुक्रवारी बघतो.

---

खेडवाला

मी जरा उलट बाजूने लिहितो.

तेलावर अवलंबून कोण, असं विचारलं की सगळे सौदी-कुवेत म्हणतात. माझा कोकणातला खेड तालुका म्हणा ना! आमच्याकडे आधी मुंबईची मनिऑर्डर यायची, गिरणीतून, गोदीतून. वडील १९७७ ला 'द्वारका' बोटीने मुंबईहून आखातात गेले. डेकवर झोपून, सोबत लोणच्याची बरणी आणि सुकटीचा डबा. गिरण्यांचा संप झाला १९८२ ला, तोपर्यंत आमच्या मोहल्ल्यातलं दर दुसरं घर 'तिकडे' गेलं होतं. कुणी बहरीन, कुणी दम्माम, कुणी कुवेत.

त्या पैशावर गावात काय झालं? बंगले झाले. मशीद मोठी झाली, हायस्कूलला दोन वर्ग वाढले, लग्नं मोठी झाली. भातशेती पडीक गेली. गावात गवंडी बिहारचा, आंबे काढायला नेपाळी. आज अर्ध्या बंगल्यांना कुलूप आहे आणि म्हाताऱ्या माणसांसाठी सीसीटीव्ही आहे, जो मुलगा शारजातून मोबाइलवर बघतो.

२०१६ मध्ये सौदीत पगार थांबले तेव्हा भरणे नाक्यावरच्या सोनाराने मला विचारलं, "काय रे, तिकडे काय झालंय? लोक घ्यायला येत नाहीत, मोडायला येतायत." म्हणजे मस्कतवाल्या काकांच्या ड्रॉवरच्या खाली अजून एक ड्रॉवर आहे, तो आमच्याकडे आहे.

---

अर्थहीन

@खेडवाला __/\__ सोनाराचं वाक्य म्हणजे धाग्याचा कळस. पुढे कोणी काही लिहू नका.

---

जुबैलकर

लिहिणार. २००८ पासून सौदीत, जुबैलला. प्रोसेस इंजिनिअर.

जुबैल हे मासेमारीचं खेडं होतं. १९७५ मध्ये जुबैल आणि यान्बू अशी दोन औद्योगिक शहरं उभारायचं ठरलं, पुढच्या वर्षी साबिक ही सरकारी कंपनी निघाली. कल्पना चांगली होती. तेलाबरोबर वर येणारा गॅस तोपर्यंत नुसता जाळून टाकत, त्यातून प्लास्टिक आणि खत बनवायचं. झालंही. तुमच्या घरातल्या बादलीचं प्लास्टिक कदाचित माझ्या प्लांटमधून गेलेलं असेल. पण हा कारखाना उभा आहे तो सरकार स्वस्तात देतं त्या गॅसवर. मग हे तेलाबाहेर पडणं झालं का? गहू न विकता पाव विकला, इतकंच.

२०१६ च्या एप्रिलमध्ये 'व्हिजन २०३०' आली. त्याच उन्हाळ्यात जेद्दाहमध्ये हजारो भारतीय कामगार कॅम्पात अडकले, महिनोन् महिने पगार नाही, मेस बंद. सुषमा स्वराज तेव्हा परराष्ट्रमंत्री, दूतावासाने धान्य वाटलं. माझी कंपनी वेगळी होती, तरी आम्हालाही त्या वर्षी दोन पगार उशिरा झाले.

मग जुलै २०१७ पासून अवलंबितांवर फी. प्रत्येक माणशी महिना १०० रियाल, दरवर्षी शंभराने वाढत २०२० ला ४००. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिना १,२००, वर्षाचे १४,४००, आणि ते इकामा (राहण्याचा परवाना) रिन्यू करताना आगाऊ. २०१८ ला व्हॅट ५ टक्के, जुलै २०२० ला तोच १५. सरकारने तेलाशिवाय उत्पन्न कसं वाढवलं विचाराल तर माझ्या खिशातून. २०१९ ला फॅमिलीला फायनल एक्झिट मारलं, म्हणजे कायमचं परत पाठवलं, तेव्हापासून मुलं पुण्यात आणि मी इथे वरण-भात लावतोय. आमच्या इमारतीतली निम्मी भारतीय कुटुंबं त्या दोन वर्षांत गेली. खालचा बकालावाला (किराणावाला) म्हणायचा, दूध आणि डायपर खपायचे थांबले.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहितो. मी आलो तेव्हा बाईने गाडी चालवायला बंदी होती. जून २०१८ ला ती उठली. माझ्या कंट्रोल रूममध्ये आता दोन सौदी मुली शिफ्ट करतात. एकीचा बाप त्याच प्लांटमधून निवृत्त झालेला. पूर्वी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या सौदी बायका पाचात एक नव्हत्या, आता साधारण तिघींत एक आहे. वाळवंटातला 'नियोम' प्रकल्प आणि त्यातलं १७० किलोमीटरचं सरळ रेषेतलं शहर होईल तेव्हा होईल. मला विचाराल तर सौदीतला खरा बदल त्या दोन मुली आहेत.

---

सायली_क

+१. हे कुठल्याच 'बिगरतेल वाटा' आकड्यात दिसत नसणार.

---

प्रश्नचिन्ह

सौदीचं गव्हाचं कोणी लिहिलं नाही? विविधीकरणाचा तो सगळ्यात महागडा प्रयोग. ऐंशीच्या दशकात वाळवंटात गहू पिकवायला सरकारने बाजारभावाच्या कितीतरी पट दर दिला. जमिनीखालचं हजारो वर्षांपूर्वीचं पाणी उपसलं. नव्वदच्या सुरुवातीला सौदी अरेबिया जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांत जाऊन बसला! पाणी संपत आलं तेव्हा २००८ ला ठरवलं की सरकारी खरेदी हळूहळू बंद करायची, २०१६ ला ती संपली.

---

झणझणीत

दुष्काळी भागात सरकारी आधारावर पाणीखाऊ पीक? छे, असं कुठे असतं का? (ऊस खात टंकले)

---

सोलापुरी_चादर

झणझणीत, उसावर घसरू नका. एफआरपी (उसाचा ठरलेला किमान भाव) मिळाला असता तर आम्हीही खजूर लावले असते.

---

अर्थहीन

उसाचा धागा वेगळा आहे, ३०० प्रतिसाद झालेत. इथे नको.

---

मोतीवाली

थोडं अवांतर, पण फारसं नाही.

तेल हे आखाताचं पहिलं व्यसन नव्हे. त्याआधी मोती होते. बहरीन, कुवेत, कतार, दुबई, सगळ्यांची मिळकत मोत्यांवर. उन्हाळाभर पाणबुडे नाकाला चिमटा लावून खाली जायचे, आणि माल यायचा मुंबईला. प्रतवारी, भोक पाडणं, ओवणं, पुढे युरोपात पाठवणं, सगळं इथे. माझ्या सासरी दोन पिढ्या हा व्यवसाय होता. घरात अजून पितळी चाळण्यांचा एक संच आहे, एकात एक बसणाऱ्या, भोकं लहान-लहान होत जाणाऱ्या. त्यातून मोती चाळून आकार ठरवायचे. आता त्यात सासूबाई लवंगा ठेवतात.

जपानने मोती शेतात पिकवावेत तसे पिकवायला सुरुवात केली, त्यात १९२९ ची मंदी आली आणि दहा वर्षांत सगळा आखात कर्जबाजारी. त्यांचं नशीब असं की बहरीनला १९३२ मध्ये तेल लागलं, कुवेत आणि सौदीला १९३८ मध्ये. एका मालावरून दुसऱ्या मालावर उडी. मधे काही नव्हतं. तेव्हा आज तेलावरून पुढची उडी कशावर, हा प्रश्न त्यांच्या आज्यांनी एकदा भोगलेला आहे.

आणि हो, तिथे तेव्हा रुपया चालायचा. आपली रिझर्व्ह बँक १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या नोटा छापायची, नंबराआधी 'झेड' असलेल्या. १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांनीही रुपया सोडला.

---

दुबईकरीण

मोतीवाली, चाळण्यांचा फोटो टाका ना!

---

मोतीवाली

सासूबाई घरी नसताना टाकते.

---

फियोर्डातला_भाऊ

स्टाव्हांगर, नॉर्वे. सबसी (समुद्राखालच्या तेलविहिरींचा) इंजिनिअर.

कोणीतरी नॉर्वेचं नाव घेणारच होतं, तर मीच घेतो आणि थोडी हवा काढतो.

तेलाआधी हे गाव सार्डिन डब्यात भरायचं. त्या कारखान्याचं आता म्युझियम आहे. १९६९ ला समुद्रात एकोफिस्क तेलक्षेत्र सापडलं. इथली पहिली व्यवस्था बसवण्यात एका इराकी भूगर्भशास्त्रज्ञाचा मोठा हात आहे, फारूक अल-कासिम. मुलाच्या आजारावर उपचार मिळावेत म्हणून १९६८ ला इथे आले होते. बसऱ्याकडचा माणूस नॉर्वेला तेल कसं सांभाळायचं ते शिकवतो आणि त्याच्या स्वतःच्या देशाचं काय झालं ते आपण बघतोच.

तेल कंपन्यांच्या नफ्यावर ७८ टक्के कर. सरकारचा तेलाचा पैसा एका सरकारी फंडात जातो, फंड तो फक्त परदेशात गुंतवतो. पहिली रक्कम टाकली १९९६ मध्ये. आज जगातल्या सगळ्या नोंदलेल्या शेअरांपैकी साधारण दीड टक्का या फंडाचे आहेत. सरकार दरवर्षी सरासरी तीन टक्क्यांच्या आसपासच काढू शकतं.

पण लक्षात घ्या, याला बचत म्हणतात, विविधीकरण नव्हे! नॉर्वेच्या निर्यातीत आजही निम्म्याच्या आसपास तेल आणि गॅसच आहे. २०१५ मध्ये स्टाव्हांगरमध्ये इंजिनिअर ढिगाने घरी बसले, मीही सात महिने होतो. घरांच्या किमती उतरल्या. फरक एवढाच की देशाच्या खात्यावर पैसे होते, म्हणून मला बेकारभत्ता एकदाही चुकला नाही. काकांच्या 'एक तारखेला पगार' कसोटीत नॉर्वे पास, 'बाहेर पडला का' यात नापास.

---

प्रश्नचिन्ह

हा मुद्दा महत्त्वाचा. कुवेतनेही १९७६ पासून कमाईतला हिस्सा पुढच्या पिढ्यांच्या फंडात टाकला. १९९० ला इराकने देश गिळला तेव्हा परागंदा सरकार त्याच गुंतवणुकीवर जगलं. फंड भक्कम, पण धंदे? बहुतेक कुवेती सरकारी नोकरीत.

---

गोंयकार७२

आमच्या घरातले तीन पुरुष आखातात राबले. आजोबा इराणमधल्या आबादानच्या रिफायनरीत स्टोअरकीपर, वडील आणि काका कुवेतला. पण मी लिहिणार आहे लोखंडाबद्दल, कारण फंडाचा विषय निघाला.

गोव्यात सांगे, डिचोली, सत्तरी इथे घरटी एक ट्रक होता. खनिज खाणीवरून जेटीवर, तिथून बार्जने मुरगाव. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. आमच्या वाड्यावर ट्रक अंगणात उभे, टायरांत गवत उगवलेलं, बँकेचे हप्ते चालू. माझ्या मेहुण्याने ट्रकच्या हौद्यात मिरचीचं वाळवण घातलं होतं. २०१४ ला न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली आणि विक्रीच्या रकमेतले दहा टक्के कायमस्वरूपी फंडात टाकायला सांगितले. म्हणजे नॉर्वेची कल्पना सांग्यात आली, पण माल बराचसा निघून गेल्यावर! २०१८ ला ८८ लीज रद्द.

लोक म्हणाले, पर्यटन करा. ट्रकवाला पन्नाशीत वेटर होतो का हो? विविधीकरण हा शब्द कागदावर बरा. माणूस एकाच गोष्टीत वीस वर्षं तयार झालेला असतो.

---

खेडवाला

@गोंयकार७२, शेवटच्या ओळीसाठी चहा लागू.

---

लागोसची_लक्ष्मी

नायजेरियाचं कोणी नाही वाटतं. नवरा इथे एका ट्रेडिंग कंपनीत, आम्हाला ११ वर्षं झाली.

कानो शहरात एके काळी शेंगदाण्याच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे, आमचा ड्रायव्हर तिथला, तो आजोबांकडून ऐकलेलं सांगतो. तेल वाढलं, पिरॅमिड गेले. आणि गंमत अशी की कच्चं तेल विकणारा हा देश पेट्रोल बाहेरून आणायचा! सरकारी रिफायनऱ्या वर्षानुवर्षं बंद. मे २०२३ ला सबसिडी काढली, रातोरात पेट्रोल दुप्पट-तिप्पट. आमच्या घरी वीज म्हणजे जनरेटर. रात्री आठला सगळी गल्ली गुरगुरायला लागते, मुलगी त्या आवाजाशिवाय झोपत नाही, पुण्याला आजीकडे गेली की शांततेमुळे जागी राहते. २०२४ पासून उद्योगपती दांगोटेंची खासगी रिफायनरी सुरू झाली आहे, रोजच्या साडेसहा लाख बॅरलची. फरक पडतोय हळूहळू. पण काकांची कसोटी इथे लावू नका, एक तारखेचा पगार बॅरल शंभरला असतानाही सरकारी शिक्षकांना मिळेल याची खात्री नसते.

---

झणझणीत

आणि व्हेनेझुएला?

---

प्रश्नचिन्ह

ओपेक ही तेल निर्यात करणाऱ्या देशांची संघटना १९६० मध्ये स्थापन करण्यात पुढाकार घेणारा व्हेनेझुएलाचाच मंत्री, पेरेझ अल्फोन्सो. त्यानेच पुढे तेलाला 'सैतानाची विष्ठा' म्हटलं. यावर मी काय अधिक लिहिणार.

---

मस्कतवाला

उशीर झाला, क्षमस्व. शुक्रवारचे दोन शुक्रवार झाले. जुने रिपोर्ट गोदामात खोक्यात होते, त्यावर सिमेंटच्या गोण्या.

सायली, तुझं उत्तर. २०१५-१६ मध्ये ज्यांचा एकही चेक मी पुढच्या गठ्ठ्यात सरकवला नाही अशी गिऱ्हाइकं बोटांवर मोजण्याइतकी निघाली.

एक, सोहारच्या औद्योगिक वसाहतीतला कारखाना. माल बोटीने भारतात आणि युरोपात जातो. सरकारकडून त्याला घेणंच नाही, मग थकणार काय?

दोन, सलालाहचा एक हॉटेलवाला. तिकडे जून ते सप्टेंबर 'खरीफ' असतो (हो, आपण वापरतो तोच शब्द), डोंगर हिरवे होतात, धुकं पडतं, आणि सगळं आखात पाऊस बघायला तिथे लोटतं. त्याने त्या वर्षी २० बाथरूम नवीन केले आणि पैसे रोख दिले.

तीन, सलालाह बंदरात कंटेनरवाल्यांची कामं करणारा एक ठेकेदार. आशिया-युरोप बोटी थांबतात, त्यांना इथल्या बॅरलचं काय.

बाकी दोन-चार ओमानी माणसं, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून घर बांधणारी. त्यातल्या एका बाईने टाइल्सच्या प्रत्येक खोक्यावर खडूने खूण करून मोजून घेतलं होतं.

म्हणजे ज्यांचं गिऱ्हाईक देशाबाहेर, ते वाचले. ज्यांचं गिऱ्हाईक सरकार, ते सरकले. दुबईकरीण ताईंचं गोदाम याच जातीचं, त्यामुळे तुमचा मुद्दा निम्मा मान्य. पण मग जुबैलकरांनी गहू आणि पाव लिहिलंय ते वाचून मी सोहारच्या त्या कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. भट्टी कशावर चालते? गॅसवर. दर कोण ठरवतं? सरकार. हॉटेलवाल्याचे पाहुणे कुठून येतात? रियाध, कुवेत, अबू धाबी. म्हणजे तेल जरा लांबून येतं एवढंच. बंदराचा ठेकेदार तेवढा यादीत उरतो.

आणि एक. २०२० ला ओमानचं सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. आता ते निम्म्यावर आलं, सगळे कौतुक करतात. खर्च कापला, २०२१ ला व्हॅट लावला, हे खरं. पण २०२२ ला बॅरल शंभराच्या वर गेलं हेही त्यात आहे. जानेवारी २०२८ पासून इथे वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या कमाईवर ५ टक्के आयकर लागणार, आखातात पहिल्यांदाच. माझा पगार त्या रेषेच्या फार खाली आहे, पण मालकाच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसायला लागलंय.

---

अर्थहीन

काका, मास्तरकी करा तुम्ही. कर द्यायला लागलं की लोक हिशेब मागतात, तो भाग कसा जातो ते बघायला मजा येईल.

---

जुबैलकर

मी भरलेल्या त्या अवलंबितांच्या फीचा हिशेब कोणाकडे मागू?

---

दुबईकरीण

निम्मा मान्य म्हणजे माझ्यासाठी पूर्ण विजय. बंदरवाला माझ्या बाजूला.

---

नवा_सभासद_बीकॉम

धागा छान. मस्कतमध्ये अकाउंट्सला जागा आहे का? बीकॉम, टॅली येतं, ३ वर्षं अनुभव, कराड.

---

मस्कतवाला

@नवा_सभासद_बीकॉम, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मात्र आधी सांगतो, कुठली पदं ओमानी लोकांसाठी राखीव आहेत ती यादी सारखी वाढते. २०११ ला सोहारमध्ये नोकऱ्यांसाठी आंदोलन झालं तेव्हा ५०,००० नोकऱ्यांची घोषणा झाली होती, २०१८ ला ८७ पदांचे व्हिसे थांबवले होते. माझ्या हाताखाली आता एक ओमानी मुलगी आहे, निझवाची. हुशार आहे. पीडीसीचे गठ्ठे तीच लावते, आणि रबरबँडऐवजी तिने फोल्डर आणलेत.